मॅट्रेसन्स

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मॅट्रेस वाटलं.
म्हटलं, आहे की गादी,
नखीलच्या दुकानातून हप्त्यांवर घेतलेली,
एका कडेला दुधाचे डाग.
सिस्टर शमसा हसली नाही.
औषधाच्या चिठ्ठीमागे तिने शब्द लिहिला,
म्हणाली, तुला काही झालेलं नाही.
तू होते आहेस.

रास अल खैमाह, बेचाळिसावा दिवस.
प्रणीत समुद्रात, रिगवर.
सकाळी ओव्याची धुरी घ्यायला गेले
तर छतावरचा अलार्म बोंबलला,
वॉचमन गुलजमान बादली घेऊन चार जिने चढला.
मग बादली तशीच हातात धरून
बाळाकडे बघत राहिला.
त्याचं धाकटं त्याने अजून फोनमध्येच पाहिलंय.

रात्री एका हाताने शब्द शोधला.
मुंडकं लॅटिन आईचं,
शेपूट ॲडोलसन्सकडून उसनं.
कुणा अभ्यासक बाईने जोडलेला, पन्नासेक वर्षांपूर्वी.
म्हणजे शब्द माझ्या आईच्या वयाचा,
आणि तिला ठाऊकच नाही.
शेपटीचा अर्थ, हळूहळू होत जाणं.
क्रेसेंटमध्येही तीच वळवळते: वाढणारी.
समोरच्या मशिदीवरची पितळी कोर
कधीची वाढतेच आहे,
तसूभरही मोठी न होता.

तेराव्या वर्षी मी वयात आले
ते अख्ख्या आळीला कळलं, मला सोडून.
मग आता काय, आईत येतेय?
मोठ्याने म्हणून पाहिलं.
भाषेचा पाय अडखळतो.
आमच्याकडे आई अंगात येते,
मंगळवारी, केस मोकळे सोडून,
घुमते, आणि उतरते.
मग बाईला पाणी देतात,
बाई पुन्हा बाई होते.

माझ्यातली उतरायचं नाव घेत नाही.
केस तर ओंजळ ओंजळ गळताहेत.

आज बाळाचा पासपोर्टचा फोटो.
स्टुडिओवाला म्हणाला, डोळे उघडे हवेत,
मागे पांढरं हवं,
आणि मॅडम, तुम्ही दिसता कामा नये.
माझ्यावर चादर टाकली.
चादरीआडून मी मान धरली त्याची,
श्वास आवरून.

फोटो छान आलाय.
बाळ, आणि मागे पांढरी भिंत.
भिंत किंचित हललेली आहे.