वेरु

दुपारी दीडला पानं मान टाकायची,
संध्याकाळी उठून बसायची.
मी म्हणाले, ऊन. मे आहे, सोलापूर आहे,
इथं माणसंही दीडला मान टाकतात.

तिसऱ्या दिवशी उठली नाहीत.

मीटर म्हणत होता सगळं बरोबर,
टाकी गळ्यापर्यंत भरलेली.
पाण्यात पाय सोडून बसलेलं लेट्युस
तहानेनं कोमेजतंय, हे सांगू कुणाला?

मामंजी काठी टेकत शेडमध्ये आले.
जिथं त्यांचे चार माग होते
तिथं आता माझे पांढरे पाइप, आठ रांगा.
मागाच्या बोल्टांचे खड्डे फरशीत अजून आहेत,
स्टँडचे पाय मी त्यांतच बसवलेत.
पानांकडे त्यांनी पाहिलंही नाही.
टाकीचं झाकण उचलून नाक आत घातलं,
तीस वर्षं रंगाच्या हौदावर वाकलेलं नाक.
"खळीचं पिंप चार दिवस विसरलं
की येतो, तो वास."

मी एक कप उपसून काढला.
मुळं हवीत धुतलेल्या सुताच्या लडीसारखी.
ही चहाच्या चोथ्याच्या रंगाची, बुळबुळीत.
चिमटीत धरून ओढलं,
तर वरचं साल मोजा निघावा तसं निघालं,
आत उरला केसाएवढा दोरा.
मामंजींनी तो बोटावर घेतला,
सवयीनं पीळ दिला.
तुटला.

"वेरु," म्हणाले. त्यांच्या तेलुगूत मूळ.
आणि वेगळं, तेही वेरुच.
पण पाइपात कोण कुणाचं ते कळत नव्हतं,
महिन्याभरात मुळांनी एकमेकींत शिरून
लांबच लांब गोधडी केली होती.
एकीचं दुखणं सगळ्यांच्या घरात.

पोराचा तापाचा थर्मामीटर टाकीत सोडला.
चौतीस.
माणूस या आकड्याला थंडीनं कुडकुडतो,
मुळाला हा ताप.
ऊन पाण्यात हवा थांबत नाही.
बुडाली नव्हती ती. गुदमरली.

पाचशे लिटर सोडून द्यायचं होतं.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला.
कॉक फिरवताना माझा हात चोरासारखा.
समोर उंबऱ्यावर सत्तव्वा विड्या वळायची थांबली,
काही बोलली नाही,
दोन बादल्या घेऊन आली.
"लिंबाला चालेल का हे?"
चालेल. मातीचं पोट मोठं असतं.

मग कात्री, प्रत्येक कापाला स्पिरिटमध्ये बुडवलेली.
कुजलेलं तेवढं कापायचं, पांढरं दिसेपर्यंत.
पांढरं दिसलंच नाही तर रोप पोत्यात.
मेडिकलमधलं पेरॉक्साइड, लिटरला तीन मिली,
मुळांवर बारीक फेस आला, कुजबुजल्यासारखा.
ट्रायकोडर्मा नंतर, दोन दिवसांनी,
नाहीतर औषधच औषधाला खातं.
झाकणाची चीर काळ्या टेपनं बुजवली,
तिथून उजेड शिरून शेवाळ धरलं होतं.
हवेचा दगड एक होता, तीन केले.
फ्रीजरमधल्या बाटल्या पाळीपाळीनं टाकीत.

आणि मामंजींनी ट्रंकेतून चादर काढली,
मालात न गेलेली, एका मोराला चोच नसलेली.
भिजवून टाकीभोवती गुंडाळली,
सुतळीनं आवळली.
सकाळी पाणी सत्तावीस.

एका रात्री वीज गेली, पंप गेला.
मोबाइलच्या उजेडात मामंजी स्टुलावर बसून
मगानं पाणी उचलत होते, उंचावरून परत टाकत होते,
दीड तास.
"आवाज झाला म्हणजे हवा गेली," म्हणाले.

दोनशे सोळांतली एक्काहत्तर राहिली.
होटगी रोडच्या हॉटेलवाल्याचा फोन मी उचलला नाही.

नवव्या दिवशी एक कप वर घेतला.
काळ्या खुंटाच्या बगलेत
तिळाएवढं काहीतरी पांढरं.
मामंजी वाकले, दोन बोटं पुढे आली,
मग हात त्यांनी पाठीमागे बांधले.

"चादर सुकलीय," म्हणाले.
मी मग भरून आणला.