शिवणीतली माया

लीड्स. नोव्हेंबर. थिएटरच्या तळघरात
बॉयलर खोकतो, वाफेची इस्त्री त्याला उत्तर देते.
माझ्या टेबलावर नायिका उताणी पडली आहे,
अजून तिच्यात कोणी नाही.
पांढरा झगा, पाठीवर बावीस बटणं,
डाव्या बरगडीखाली चोरखिसा, लाल रंगाच्या पिशवीसाठी.

तिसऱ्या अंकात ती मरते.
एकोणीस वर्षं मी तिला त्यासाठी तयार करते आहे.

आधीचे दिग्दर्शक मिस्टर हॅडो. ते म्हणायचे,
गळ्यापर्यंत बंद. हातमोजे.
इच्छा दिसायला नको, नुसती ऐकू यावी.
प्रियकर आला की ती खिडकीकडे वळायची
आणि पडद्याची दोरी मुठीत धरून अशी पिळायची
की आठवड्याला एक दोरी बदलावी लागे.
त्या दोऱ्यांचा हिशेब माझ्याच वहीत आहे.

आताचा टोबायस. वय एकतीस, दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
तो म्हणतो, दडपण दाखवायचं तर काच हवी.
त्यानं तिला काचेच्या पेटीत उभं केलंय,
आत दिवा, बाहेर काळ्या सुटातला कोरस जेवतो आहे.
दुसऱ्या अंकात ती पाठीमागून झगा ओढते,
बटणं तुटतात, एकेक, मोजता यावीत इतकी सावकाश.
सकाळी मी रंगमंचावर रांगत ती गोळा करते.
एकवीस सापडतात.

दोघांचंही ऐकलं मी. पगार त्याचाच.
पण झाकलं काय नि उघडलं काय,
ती बटणं लावणारा हात तिचा कधी नव्हताच.
पाठीवर इतक्या वर कोणाचाच पोचत नाही.

केरिस येते मापाला. स्वान्सीची, रुंद खांद्यांची,
बूट भिजलेले, हातात चिप्सचा पुडा.
"आवळ अजून," टोबायस दारातूनच सांगतो,
"गुदमरलेली दिसू दे."
मी आवळते. ती एक श्वास घेते
आणि टेप माझ्या बोटांतून सरकते, तीन इंच.
तीन इंच फुगते ही बाई
गुदमरण्याचं गाणं म्हणायला!
खरोखर कोंडलं असतं तिला
तर दुसऱ्या ओळीतच नाटक संपलं असतं.

इचलकरंजीला प्रयागमावशी ब्लाउज शिवायची.
मशीनचं चाक फिरे तोवर गुणगुणायची,
पाय थांबला की गाणंही थांबे,
जणू दोन्ही एकाच पट्ट्यावर.
कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही.
ती काही तिसऱ्या अंकात मेली नाही.
एकाहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदू काढल्यावर, झोपेत.
तिनंच शिकवलं, कापताना
शिवणीच्या आत थोडं कापड सोडायचं,
उद्या बाई अंगानं भरली तर उसवून सैल करता यावं.
त्याला माया म्हणतात.
इथल्या मॅव्हिसला हे सांगितलं
तर ती म्हणाली, आम्ही त्याला भत्ता म्हणतो.

मी काळ्या सॅटिनखाली रबरी पट्टी घालते,
दोन्ही कुशींना, दीड-दीड इंच.
समोरून फास दिसतो. टोबायस खूश.

पहिल्या रात्री मी विंगेत, बादलीत थंड पाणी घेऊन.
रक्ताला गरम पाणी चालत नाही, खोट्यासुद्धा.
ती शेवटचा सूर लावते, तो संपतच नाही,
आणि पेटीची काच आतून धुरकट होत जाते,
आधी तोंडाशी, मग खांद्यापर्यंत,
मग क्षणभर आत कोण आहे
ते बाल्कनीला दिसत नाही, दिग्दर्शकालाही नाही.
नुसता आवाज.

नंतर मेलेली केरिस माझ्या स्टुलावर बसून
गार झालेले चिप्स खाते, बोटं चाटते,
कुशीवर हात ठेवून विचारते,
इथे अजून अर्धा इंच मिळेल?

मी झगा उलटा करून बघते.
आहे.