मेख

मेनोफिलस जुनी गुंडाळी वाचू लागला
आणि दहाव्या ओळीलाच लोक पेंगले.
फळ्या किती, उथळ्या किती, कड्या, बिरडी, अडसर.
इफिसातली उन्हाळी रात्र, रंगाऱ्याची माडी,
देवाने सांगितलेली असली तरी मापंच ती,
कोण जागं राहील?
मी राहिले.
बत्तीस वर्षं तंबू शिवतेय.

बकरीच्या केसांचे अकरा पडदे,
एकेक तीस हात लांब, चार हात रुंद.
मी बोटांवर मोजलं.
पाच एकीकडे जोडायचे, सहा दुसरीकडे,
आणि सहावा पुढच्या बाजूला दुमडून घ्यायचा.
तिथे मी मान वर केली.
दर्शनी बाजूला दुहेरी कापड!
हे सांगणाऱ्याने वाऱ्याचा मार खाल्लाय कधीतरी.
दोन्ही अंगांना हात हात कापड जास्तीचं, लोंबतं.
माझा हेरास असता तर कानात म्हणाला असता,
गिऱ्हाईक जाणकार आहे, घासाघीस नको.

आमच्या गावात देवीचं घर संगमरवराचं.
खांब मोजता मोजता पोरं हरवतात.
ती कुठे जात नाही. लोक जातात तिच्याकडे,
चांदीची देवळी विकत घेतात, परततात.
आणि हा?
सामान बांधा म्हणतो. बैल जुंपा म्हणतो.
ढग उठला की निघायचं, टेकला की ठोकायचं.
आत सोनं, आत निळं, जांभळं, किरमिजी,
पंखवाल्यांची नक्षी थेट छतापर्यंत,
आणि त्याच्यावर?
त्याच्यावर बकरी.
ओल्या दिवशी बकरीचाच वास येणार,
कितीही पवित्र असो.

मला हसू आलं. मग थांबलं.

गेल्या महिन्यात समुद्रापलीकडून एक म्हातारी आली होती.
तो आमच्यात येऊन राहिला, असं नव्हती म्हणाली ती.
तंबू ठोकून राहिला, म्हणाली.
लोकांनी ते फुलासारखं घेतलं, हुंगलं, ठेवून दिलं.
मी कारागीर बाई. मला शब्द घरी नेऊन उसवावे लागतात.
सुताराकडचा मुलगा, पायांना धूळ, अंगाला घाम,
शेजाऱ्यांनाही वेगळा दिसला नाही,
म्हणजे बाहेरून बकरीच की.
इथवर जमत होतं.
पण तंबू कापडावर उभा नसतो.
कापड काय, कुणीही विणतं.
वाऱ्यात धरून ठेवते ती मेख.
मग त्याला मेखा कुठे ठोकल्या?

इथेच तर मेख होती.
मेनोफिलस वाचतच होता,
मंडपाच्या मेखा, अंगणाच्या मेखा,
सगळ्या पितळेच्या,
आणि मला दिसत होते हात.
एक. दुसरा. मग पाय.
लोखंडाच्या.

म्हातारीने आणखी एक सांगितलं होतं,
तो गेला त्या घटकेला देवळातला आतला पडदा फाटला,
वरून खालपर्यंत.
मी काही तिथे नव्हते.
पण कापड मला ठाऊक आहे.
कापड तसं जात नाही.
ते खालून जातं, जिथे पाय अडकतो,
नाहीतर भोकापाशी, जिथे दोर ओढतो.
वरून फाटायला
वर कुणाचा तरी हात लागतो.
आणि त्या हाताला घाई लागते.

सकाळी बंदरावरून एक खेचरवाला आला.
सार्दीसच्या वाटेवर तंबू उडालेला, चारी कोपरे गेलेले.
नवा घे म्हटलं, तर म्हणे ठिगळ लाव.
दिडकी सोडत नाहीत ही माणसं.
मी चामड्याची चकती ठेवली, दुहेरी दोरा ओवला,
भोकाभोवती टाका, टाक्याशेजारी टाका,
आणि मध्येच हात थांबला.
सुई टोचली का? माझी शिकाऊ पोर, त्रोफिमे, विचारत होती.
नाही गं, म्हटलं.
इथे सगळा जोर येतो.
इथे जाड शिव.