हळदीचा अंगठा

आमच्याकडे दिवस बुडायच्या आत जेवणं उरकत,
म्हणून संध्याकाळ फार लांब असायची.
सांगलीच्या गावभागात इतरांची कणीक तेव्हा कुठं भिजे,
आणि आमची भांडी पालथी,
आई ओटा पुसून मोकळी,
अण्णा मार्केट यार्डातून येऊन हात धुतलेले,
तरी पिवळेच.

दिवसभर हळदीची पोती मोजणारा माणूस
रात्री वाचनालयाचं पुस्तक मांडीवर घ्यायचा.
थुंकी लावून पान उलटायचा,
पानागणिक खालच्या कोपऱ्यात
एक पिवळा ठसा.
ग्रंथपाल कुरकुरायचे, दंड मात्र कधी लावला नाही.

त्या वर्षी नावाड्याची कादंबरी होती.
जोडाक्षर आलं की अण्णा अडायचे, घसा खाकरायचे,
म्हणून आमचा नावाडीही
बोलताना घसा खाकरायचा.
त्याची मुलगी बकुळ. सात वर्षांची, हट्टी.
धन्यकुमार तिच्या बाजूनं, मी तिच्यावर जळणारी.
पद्मल आत्या पहिल्या परिच्छेदालाच घोरायची
आणि मधेच, डोळे मिटूनच,
"होडी सुटली का?"

धन्याच्या नि माझ्या मधे घरात एक नाव होतं.
ते कुणी घेत नसे.

पुराच्या प्रकरणाला अण्णांचा आवाज बदलला.
बकुळ पाण्यात पडली,
एका वेलीला धरून राहिली,
पहाटे पलीकडच्या काठावर
एका धनगराला सापडली,
त्यानं तिला घोंगडीत गुंडाळलं.
एकाही जोडाक्षरावर अडले नाहीत.
इतकं सफाईदार अण्णांनी
आधी कधी वाचलं नव्हतं.

मग सिनेमा आला.
तीनचा खेळ, म्हणजे परतून वेळेत जेवता येईल.
पाच जण, चार तिकिटं, भडंगाचा एक पुडा,
धन्या आत्याच्या मांडीवर.
पडद्यावरचा नावाडी गोरा, खणखणीत,
एकदाही खाकरला नाही.
"हा कोण?" धन्या मोठ्यानं म्हणाला,
मागून कुणीतरी दटावलं.

मध्यंतरानंतर पूर आला.
पाणी निळं होतं. कृष्णेचं तसं नसतं,
आयर्विन पुलावरून पाहिलंय आम्ही,
उकळलेल्या चहासारखं येतं.
वेल नव्हती.
धनगर नव्हता.
एक लहान चप्पल गोल गोल फिरत राहिली
आणि वाजणारं सगळं थांबलं.

मी आईकडे पाहिलं.
अण्णाही तिच्याकडेच पाहत होते,
चोरी सापडलेल्या पोरासारखे.
तिनं पदराचं टोक
अण्णांच्याच हातात दिलं.

बाहेर ऊन तिरपं झालेलं.
"चला, भाकऱ्या व्हायच्यात अजून,"
आई झपाझप पुढं निघाली,
आणि कोपऱ्यावर, मागं न बघता म्हणाली,
"तुमची बकुळ बरी होती."

घरी मी पुस्तक काढून पाहिलं.
एकशे बारा ते एकशे एकोणीस,
आठ पानं स्वच्छ, कुठं पिवळं बोट नाही.
फक्त शेवटच्याचा वरचा कोपरा दुमडलेला.
ती खोड आमच्यात एकाच माणसाची.
दुपारी, आम्ही शाळेत असताना.

पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं.
जेवणं झाली. आई म्हणाली,
"पुराचं पुन्हा वाचा."
अण्णांनी चष्मा लावला,
एकशे बारावं पान उघडलं,
त्यावर अंगठा ठेवला.
"पण ती तर..." धन्या.
"गप. ऐक." झोपलेली आत्या.

या वेळी पहाटेपर्यंत थांबले नाहीत अण्णा.
रात्रीच बकुळला पाण्यातून काढलं,
घोंगडीनं डोकं खसाखसा पुसलं,
आणि दिवस बुडून केव्हाचा अंधार झालेला, तरी
तव्यावरची भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली.
घसा खाकरून म्हणाले, खा पोरी,
आज चालतंय.