ट्यूबखाली

साकीनाक्याच्या गाळ्यात, पहिल्याच पाळीला
इद्रिस मिस्त्रींनी लेथ चालू केला, म्हणाले, बघ.
चक थांबलेला.
तिन्ही जबडे मोजता येत होते,
एकावरचा गंजाचा ठिपकासुद्धा.
शेजारच्या प्रेसच्या धडधडीत बाकी काही ऐकू येईना.
मी हात पुढे केला.

मनगट धरलं त्यांनी,
दोन बोटं कमी असलेल्या पंजानं.

ट्यूब सेकंदाला शंभरदा विझते, पोरा.
डोळा मधला अंधार
न चावता गिळतो.

मग वायरला लोंबणारा पिवळा बल्ब लावला,
ट्यूब घालवली:
चकाचा नुसता राखाडी धूर,
गरगरता.

गाळ्याच्या जागी आता टॉवर आहे.
अजून कुठं काही
फारच स्वस्थ दिसलं,
तर मी हात मागे ठेवतो,
आधी कान देतो.