अंतरा

धुंडीबुवांच्या त्या चिजेला अंतरा नाही.
जाणकार म्हणतात, कृष्णा-कोयना
समोरासमोर भेटताना पाहिल्या
आणि बुवांचे शब्दच सरले.
कुणी म्हणतं, नदीनं तो मागून घेतला.
कऱ्हाडात दर साली यावर भाषण होतं.

आमचे तात्याबा परीट हसायचे.
बुवांकडे धोतर एकच.
ते खडकावर वाळत,
बुवा कमरेइतक्या पाण्यात.
बाहेर येता येईना, म्हणून गात राहिले.
लय एवढी संथ उगाच नाही.

अस्थाई बसते न बसते
तोवर चैताच्या उन्हानं
धोतर खडखडीत.
बुवा नेसले, निघाले मोटार गाठायला.
दोन आणे धुणावळ राहिलीच.

"येखादा ढग यायला पायजे हुता,"
तात्याबा म्हणायचे,
इस्त्रीतला निखारा फुंकत.