दहा दिवसांपूर्वीचा भाव

विनिपेगच्या जानेवारीत पेन्सिलसुद्धा खिशातून गारठून निघते.
ओरिसिया पाव्हलिक ती आधी रेडिएटरवर ठेवायची,
मग ब्लेडने टोक काढायची,
मग तिची दुपार सुरू व्हायची:
जवसाचा आजचा बंद भाव,
त्यातून वजा दहा दिवसांपूर्वीचा,
भागिले तोच दहा दिवसांपूर्वीचा,
गुणिले शंभर.
आलेखाच्या कागदावर एक टिंब.
मी नवा होतो. मला वाटलं,
एका टिंबाचा पगार घेते ही बाई?

मालक टीसन भाव तेवढा बघायचा.
भाव चढला की मांडीवर थाप.
त्या मंगळवारी जवस तीनशेपंधराला बंद झाला,
दहा दिवसांपूर्वी होता तीनशे.
पाच टक्के. थाप.
बुधवारी तीनशेसतरा. पुन्हा थाप.
पण मागचा दिवसही एका घराने पुढे सरकला होता,
तिथे आता तीनशेआठ उभे होते,
आणि तिची रेघ तिनाच्याही खाली आली.

"वर जातोय ना?" टीसन.
"जातोय की," ती म्हणाली,
"पण जिन्यात बसत बसत."

टीसन हसला. आणखी चाळीस सौदे घे म्हणाला.

डबा खाताना तिने मला एमर्सनचं सांगितलं,
नदी सरहद्द ओलांडून येते ते गाव.
ती नऊ वर्षांची, पाणी अंगणात,
बाप कंदील घेऊन कोठाराच्या खांबापाशी.
किती चढलं, हे तो सांगतच नव्हता.
तासाला किती, तेवढंच ओरडायचा:
चार बोटं.
चार बोटं.
अडीच.
आई पोरांना, गाद्यांना, कोंबड्यांना माळ्यावर चढवतेय,
पाणी तिसऱ्या पायरीला लागलेलं,
आणि बाप आत आला, म्हणाला, एक बोट,
आणि खुर्चीत बसून त्याने बूट काढले.
"पाणी तेव्हाही चढतच होतं बरं का," ती म्हणाली,
आणि बीटचा तुकडा तोंडात टाकला.

सोमवारी जवस पडला.
टीसन दोन दिवस केबिनमधून निघाला नाही.
ती काही बोलली नाही. टिंब दिलं, शून्याच्या खाली.

फेब्रुवारीत तिचा स्तेफान गेला,
गोदीच्या यार्डात, बर्फ ओढता ओढता.
आठवडाभर टिंबं मी दिली, वाकडी.
ती परत आली, खोडरबर घेतलं,
माझी सगळी पुसून पुन्हा काढली.
चाळिसाव्या दिवशी चर्चमधला शिजवलेला गहू आणला,
मध घातलेला, बरणीत. टीसननेही दोन चमचे खाल्ले.

मग एका गुरुवारी बाजार अगदी मुका.
भाव कालचाच, परवाचाच,
आणि रेघ मात्र धाडकन खाली.
मी तीनदा भागाकार केला. चूक सापडेना.
"चूक नाही," ती म्हणाली.
"मध्ये एक उडी होती, आठव.
आजवर आपण उडीच्या अलीकडून मोजत होतो,
आज मोजायची जागाच उडीच्या पलीकडे गेली."
"म्हणजे आज काही झालं नाही?"
"आज काही झालं नाही."
पेन्सिल तिने खाली ठेवली. खिडकीकडे बघत राहिली,
पोर्टेज ॲव्हेन्यूवर बर्फ उपसणारी गाडी जाईपर्यंत,
आणि ती गेल्यावरही.

नंतर यंत्रं आली. दहा दिवस, बारा, एकवीस,
हवा तो आकडा घाला, रेघ आपोआप धावते.
माझ्या खणात तिचा एक कागद आहे,
त्या वर्षीच्या एप्रिलचा, घडीवर फाटलेला.

त्या दुपारी खाली पडलेलं ब्लेड उचलायला मी वाकलो
आणि टेबलाखाली पाहिलं:
तिने बूट काढून ठेवले होते, एकाशेजारी एक.
वर कागदावर टिंब पडत होतं,
कालच्यापेक्षा जरा वर.
शून्याच्या अजून बरंच खाली.